मी अर्ध्यावर तोडलेलं तुझं बोलणं

हणमा, तुझ्या पोराचा, विशालचा फोन आला तेव्हा मी विश्रामबागच्या मंडईत मेथी निवडत होतो. "काका, दादा गेलं," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं गेले?" खरंच विचारलं. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी आलास तरी तुझा पाय घरात कधी ठरला नाही. आज वाईला, उद्या शिरवळला पोराकडं, परवा कुणाच्या तरी लग्नाला. मला वाटलं, असाच कुठंतरी गेला असशील. विशाल पुन्हा म्हणाला, "काका, दादा गेलं वो." त्याच्या मागून बायकांचं रडणं ऐकू आलं. माझ्या हातात मेथीची जुडी तशीच होती. भाजीवालीनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि मला शेजारच्या पोत्यावर बसवलं.

सकाळी उसाला पाणी द्यायला गेला होतास म्हणे. मोटार सुरू केलीस, दारं मोडून पाणी सरीत सोडलंस आणि बांधावर बसलास. शेवंतावहिनी न्याहारी घेऊन आल्या तेव्हा सरी भरून पाणी बांधावरून वाहत होतं. वहिनी आधी चिडल्याच. "आवं, पानी बगा की, डोळं लागलं व्हय?" म्हणत जवळ आल्या. ते त्या मला तीनतीनदा सांगतात. "भावजी, शेवटचा शबुद म्या रागाचा बोलले."

मी सांगलीहून साताऱ्याची गाडी धरली, तिथून वाईची. उन्हं कलली तेव्हा गावात पोचलो. तुला अंगणात ठेवलं होतं. भावकीतली काही माणसं घाई करत होती, पण विशाल अडून बसला होता, "अशोककाका आल्याबिगर उचलायचं न्हाई." आजूबाजूच्या गावांतले माजी सैनिक आले होते, त्यांनी तुला सलाम केला. मला सलाम करता येत नाही. मी तुझ्या पायाला हात लावला. तुझ्या पायांना अजून उसाच्या रानातला चिखल होता. कुणीतरी पुसला होता, पण नखांत राहिला होता. मग खांदा दिला. ओढ्याकडं जाताना तुझं वजन मला जाणवलं नाही असं मी म्हणणार नाही. जाणवलं. तू जड माणूस होतास.

काल तुझा दहावा झाला. आज सकाळी सांगलीला परत आलो आणि लिहायला बसलोय. तू असतास तर म्हणाला असतास, "कागदं कशाला काळी करतुयास, फोन कर की." फोन लावायला माझं बोट दोनदा तुझ्या नावावर गेलं.

माझ्या मनात सारखा तो डोंगर येतोय, हणमा. या थंडीत आपण चढलो तो.

भाचीच्या साखरपुड्यासाठी मी वाईला आलो होतो. तुला कळलं कसं कोण जाणे, जेवणं आटपायच्या आत तू मोटारसायकल घेऊन कार्यालयाच्या दारात हजर. कुंदाला म्हणालास, "वैनी, ह्येला घिऊन जातो, सांजच्याला परत आणून टाकतो." जशी काही मी तिच्याकडून मागून न्यायची शिडी किंवा पहार. मी म्हणालो, "माझ्या पायांत हे बूट आहेत, लग्नाचे." तू हँडलच्या पिशवीतून तुझे जुने कॅनव्हासचे बूट काढलेस. ते तू माझ्यासाठी आणले होतेस, म्हणजे सगळं आधीच ठरवून आला होतास.

"भैरुबाच्या डोंगरावर जाऊन येऊ. तासाभराचं तर काम हाय."

लहानपणी आपण तो डोंगर पळत चढायचो. या वेळी पायथ्याच्या हिरड्याच्या झाडाखालीच मला दम लागला. तुझा गुडघा दुखत होता, पण तू ते कबूल करणार नव्हतास. कमरेचा कोयता काढून माझ्यासाठी कारवीची काठी तोडलीस आणि फौजी थाटात हुकूम सोडायला लागलास. "पाय आडवा टाक. गोट्यावर न्हाई, मातीवर. थम. आता चल." ती वाट तुला माहीतच आहे. पावसाळ्यात तिच्यावरून पाणी धावतं, त्यामुळं माती उरलेली नाही, नुसते दगड. काही पायाखाली डुगडुगणारे, काही गुळगुळीत. त्यावर ऐनाची वाळकी पानं पडलेली, म्हणजे दगड कुठं आणि फट कुठं ते कळायचं नाही. दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या. माझा सदरा दोनदा अडकला आणि दोन्ही वेळा तू एकेक काटा हळू सोडवलास. तुझ्या एवढ्या राकट बोटांना ते कसं जमतं, याचं मला नवल वाटलं.

वाटेत आपलं नेहमीचं भांडण सुरू झालं. तू म्हणालास, "जागा मोकळी पडलीया तुझी. म्या औंदा परत गवत काढलं. चांगल्या दोन खोल्या बांध. निवृत्त झालास, आता सांगलीत काय ठिवलंय?"

"तिथं घर आहे माझं."

"घर म्हंजी तिसऱ्या मजल्यावरचा डबा. गावाकडं ये. गाव बदललंय, अशक्या."

"बदललंय तर चांगलंच आहे. मला काय करायचंय?"

"असं कसं काय करायचंय? तुजं गाव हाय."

किती वर्षं हे भांडण आपण भांडत होतो. तू सुट्टीवर आलास की भांडायचो, मी आईला बघायला गावी आलो की भांडायचो. आई गेल्यावर मी यायचं थांबवलं, तर तू फोनवर भांडायला लागलास. बौद्धवाड्यातली आमची ती जागा, पडलेल्या भिंतीची. तिथलं गवत दरवर्षी तू स्वतः काढायचास. एकदा कुणी तिथं उकिरडा करायला लागलं तर तू बाभळीच्या काटेरी फांद्या आणून कुंपण घातलंस. मी म्हणायचो, विकून टाकू. तू म्हणायचास, "इकलीस तर तंगडं मोडीन."

अर्ध्या वाटेवर, झाडी जरा विरळ होते तिथं, कातळाचा एक मोठा तुकडा वाटेत आडवा आलाय. त्यावरून चढताना माझा पाय सरकला. तू मागं होतास. तू माझा दंड असा धरलास की दुसऱ्या दिवशी तिथं तुझी बोटं काळीनिळी उमटली होती. दोघंही धपकन खाली बसलो आणि हसायला लागलो. हसता हसता तुला खोकला आला. झाडावरचं एक वानर आपल्याकडं बघत होतं. तू त्याला म्हणालास, "बगतुयास काय? तू बी म्हातारा हुशील."

मग तू पिशवीतून चहाचा थर्मास काढलास. चहा घेतला. खाली उसाची हिरवी रानं दिसत होती. तू थर्मासचं झाकण उगीच फिरवत बसलास. ते मला ओळखू यायचं. तू काहीतरी जुळवत होतास.

तू म्हणालास, "माज्या आयमुळं येत न्हाईस व्हय गावाला?"

मी म्हणालो, "काहीतरीच काय."

"कुपाटीमागं तुजं डोस्कं दिसलं हुतं मला. त्या दिशी."

आता मी ती गोष्ट लिहितो. आपण दोघांनी ती जन्मभर एकमेकांपुढं काढली नाही, आणि आता मी सांगितली नाही तर ती कुणालाच ठाऊक राहणार नाही.

तू भरती झालास आणि ट्रेनिंगला निघालास तो दिवस. माझ्या आईनं तुझ्यासाठी दशम्या केल्या होत्या. आमच्या घरात दूध नसायचं. ती ज्यांच्या रानात हळद काढायला जायची त्यांच्याकडून दूध मागून आणलं, दुधात पीठ मळलं, गूळ घातला आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात त्या बांधून तुझ्या घरी नेऊन दिल्या. तुझ्या आयनं त्या दाराबाहेर ओट्यावर ठेवायला सांगितल्या. आईला त्याचं काही वाटलं नाही. तेव्हा तशीच रीत होती. ती आनंदानं घरी आली. मी नंतर तुला निरोप द्यायला निघालो. मागच्या बाजूनं आलो, कारण मी नेहमी मागच्याच बाजूनं यायचो. कुपाटीच्या काटेरी कुंपणातून बघितलं तर तुझी आय गव्हाणीपाशी उभी होती आणि एकेक दशमी मोडून म्हशीपुढं टाकत होती. आईचं फडकं गोठ्याच्या खुंटीला लोंबत होतं. तू अंगणात उभा होतास, हातात पत्र्याची ट्रंक. तू बघत होतास.

मी तसाच मागं फिरलो. मोठ्या वळणानं जाऊन एसटीच्या फाट्यावर उभा राहिलो. तू आलास, मला मिठी मारलीस, गाडीत बसलास. गाडी जाईपर्यंत मी हात हलवत होतो. मला वाटत आलं की मी पाहिलं हे तुला ठाऊक नाही. तुला ठाऊक होतं. एवढी वर्षं तुला ठाऊक होतं.

आणि तू पहिल्या सुट्टीला आलास तेव्हा सगळ्यांत आधी आमच्या घरी आलास. आईनं विचारलं, "खाल्ल्यास का रं दशम्या?" तू म्हणालास, "व्हय मावशे, लय मऊ हुत्या. पार पुन्याफुडं गेलो तरी पुरल्या." मी चुलीपाशी बसलो होतो. मी तुझ्याकडं बघितलं, तू माझ्याकडं बघितलं नाहीस. नंतर आई मरेपर्यंत दर सुट्टीला तुझ्यासाठी दशम्या करायची. त्या तू आमच्याच घरात बसून खायचास, तिच्या समोर, शेवटचा तुकडा चहात बुडवून. तिला वाटायचं, पोराला दशमीची लई आवड. तुला गोड आवडत नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

तर कातळावर तू ते काढलंस. "त्या दिशी म्या..." असं म्हणालास आणि थांबलास. मनगटानं तोंड पुसलंस. पुन्हा म्हणालास, "अशक्या, त्या दिशी म्या ट्रंक खाली ठिवली हुती. म्या पुढं हुनार हुतो. पन..."

आणि मी उठलो. म्हणालो, "चल, ऊन कलायला लागलंय. वर जायचंय ना?"

"ऐक की गड्या. मानसाला बोलू दे की."

"नंतर बोलू. चल."

हणमा, मी असं का केलं याचं उत्तर मी दहा दिवस शोधतोय. मला वाटलं, तुला त्रास होतोय, कशाला बोलायला लावायचं. तुझा चेहरा लाल झाला होता, छाती हलत होती. मला वाटलं, म्हाताऱ्या मित्राला डोंगराच्या मध्यावर माफी मागायला लावू नये. हे खरं आहे. पण हेही खरं आहे की मला ते ऐकायची भीती वाटली. तू जे सांगणार होतास ते ऐकल्यावर मला त्यावर काहीतरी बोलावं लागलं असतं. "जाऊ दे रे" म्हणावं लागलं असतं. आणि ते माझ्या तोंडून खरं निघालं असतं की नाही, याची मला खात्री नव्हती.

मग वर पोचेपर्यंत तू पुढं आणि मी मागं. देवळापुढच्या मोकळ्या सड्यावर वारा होता. दर वेळी तू आत जायचास आणि मी बाहेर बसायचो. आई-वडिलांनी एकदा धम्म घेतला तो घेतला, मी कुठल्या देवाला हात जोडत नाही, आणि तू त्यावरूनही माझ्याशी भांडायचास. "आत यिऊन नुसता सावलीला बस, देव काय तुजं नाव पुसत न्हाई," असं म्हणायचास. या वेळी तू आत गेलाच नाहीस. उंबऱ्याशी चपला काढल्यास, मग परत घातल्यास आणि माझ्याशेजारी येऊन बसलास. मी विचारलं, "जात नाहीस?" तू म्हणालास, "आज हितंच बरं हाय."

उतरताना त्या कातळापाशी तू हात पुढं केलास. मी तो धरला आणि खालच्या हिरड्यापर्यंत सोडला नाही. दोन म्हातारे हातात हात घालून डोंगर उतरत होते. लाकडं घेऊन चाललेल्या एका बाईनं वाट सोडली आणि हसली. "कुनाच्या वरातीला निगालाय वो?" म्हणाली. तूही हसलास. मला वाटलं, संपलं. सगळं ठीक झालं. वाईच्या स्टँडवर कुंदाच्या स्वाधीन करताना तू म्हणालास, "बूट ठेव तुझ्याकडंच, परत लागतील."

तुझ्याबद्दल कुणी मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? सांगलीत महापूर आला तेव्हा आमचं घर खालच्या पेठेत होतं. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता, कुंदा दारात बसून रडत होती. तू टेम्पो घेऊन आलास. सोबत पाण्याचे कॅन, फावडी आणि वहिनींनी बांधून दिलेल्या भाकरी. गाळ उपसून झाल्यावर कुंदाची भांडी तू एकेक करून घासलीस. तिनं नको नको म्हटलं तर म्हणालास, "वैनी, फौजेत काय फकस्त बंदूकच चालवली व्हय?" मग आमच्याच ताटात आमच्यासोबत जेवलास. आणि आई गेली तेव्हा? तुझ्या भावकीतले दोघं-तिघं चावडीपाशी उभे राहून बघत होते. तू त्यांच्यासमोरून आलास, माझ्या भावाला बाजूला केलंस आणि आईला खांदा दिलास. तेव्हा चावडीवरून कुणीतरी तुला हाक मारली होती. तू मागं वळून बघितलं नाहीस. ते मी पाहिलंय.

हे सगळं मी कातळावर बोलू शकलो असतो. तू एक गोष्ट सांगितली असतीस, मी या चार सांगितल्या असत्या.

परवा तुझ्या आयजवळ बसलो होतो. तू गेलास आणि ती मागं राहिली. ओसरीत तिची बाज आहे. तिला आता फारसं दिसत नाही आणि काही आठवतही नाही. दिवसभर विचारत असते, "हणमा रानातनं आला का गं?" कुणी म्हणतं, येतील. कुणी रडायला लागतं. मी तिच्याजवळ बसलो तर माझा हात चाचपून म्हणाली, "तुमी कोन?"

मी म्हणालो, "अशोक. हणमाचा मित्र. सांगलीचा."

"सांगलीत न्हाई आमचं कुनी," ती म्हणाली. पण माझा हात तिनं सोडला नाही. कातडीत नुसती हाडं राहिलीत. तिच्यावर रागवावं असं तिथं काही उरलेलं नाही. जिनं ते केलं ती तिच्याच आठवणीतून गेली, माझी आई गेली, तू गेलास. म्हशीच्या गोठ्याच्या जागी आता विशालनं गाडी लावायला पत्र्याची शेड केलीये. त्या दिवसाचा जगात राहिलेला एकटा माणूस मी आहे. वाईट वाटून घ्यायलासुद्धा जोडीला कुणी नाही, हणमा. तू असताना निदान न बोलण्यात तरी आपण दोघं होतो.

निघताना विशालनं विचारलं, "काका, तुमच्या जागेचं काय करायचं? दादा म्हणायचं, अशोक काका येनार हाय, कुणाला हात लावू दिऊ नगा." मी सांगितलं, सध्या असू दे. खरं सांगायचं तर मला माहीत नाही. तू नसलेल्या गावात मी कुणाशी भांडू?

पण तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी द्यायला हवं होतं. ते आता देतो.

नाही, हणमा. तुझ्या आयमुळं नाही. तिचा मला कधी फारसा राग आला नाही. ती तिच्या रीतीनं जगलेली बाई, तिच्याकडून मी काही वेगळं मागितलं नव्हतं. मी तुझ्याकडं बघत होतो. कुपाटीमागून मी म्हशीकडं बघितलं नाही, तुझ्या आयकडं बघितलं नाही. मी तुझ्या तोंडाकडं बघत होतो, की आता हणमा बोलेल. आता बोलेल. तू एकोणीस वर्षांचा होतास, घर सोडून निघाला होतास, आणि तुझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मला तेवढंच लागलं. आणि ते लागलं कारण त्या गावात मी माझा मानलेला तू एकच माणूस होतास.

पुढं तू माझ्यासाठी जे जे केलंस त्यात तू ते फेडत होतास का, असं कधीकधी माझ्या मनात यायचं. आता वाटतं, नाही. फेडणारा माणूस कुठंतरी हिशोब संपवतो. तू गवतच काढत राहिलास.

हे तुला कळायला हवं होतं. मला राग होता आणि माया होती, आणि दोन्ही एकाच जागी होती. ते मी त्या दिवशी सांगितलं असतं तर तू आधी रडला असतास, मग मला आईवरून शिवी दिली असतीस, मग उरलेला चहा ओतला असतास. तू ऐकून घेतलं असतंस.

मी तुझं ऐकून घेतलं नाही.